मोठ्या पेठेचा शेजार : गंगाखेडचा कापूस आणि आपण

मराठवाड्यातल्या मुसलमानांचा इतिहास सांगायला कोणी बसले की तो तख्तापासून सुरू होतो आणि तख्तापाशीच संपतो. बहमनी, निजामशाही, मोगल, आसफजाही. मग रझाकार, पोलीस ॲक्शन आणि १७ सप्टेंबर १९४८. या यादीत गंगाखेडचा पिंजारी कुठे बसतो? मोमीन, रंगरेज, बागवान, तांबोळी कुठे बसतात? तख्त हैदराबादेत होते आणि आमची माणसे मोंढ्यात होती. त्यांच्या ताटात भाकरी किती पडणार हे दरबाराच्या फर्मानापेक्षा मुंबईच्या कापूस बाजारातल्या भावावर अधिक अवलंबून होते. तो भाव कधी लिव्हरपूल ठरवी, कधी जपान, आणि अलीकडच्या काळात चीन. म्हणून या लेखात आम्ही राजांऐवजी कापसाचा इतिहास सांगणार आहोत. एखादी मोठी अर्थव्यवस्था आपल्या शेजारच्या मुलखाला जगाच्या व्यापारात कोणते काम देते, कोणते काढून घेते, हे समजून घ्यायला गंगाखेडसारखे गाव पुरेसे आहे.

गंगाखेड गोदावरीच्या काठी वसलेले, संत जनाबाईचे गाव. परभणी जिल्ह्यातला हा तालुका एका अंगाने नदीच्या काळ्या जमिनीचा आणि दुसऱ्या अंगाने बालाघाटाच्या माळरानाचा. काळी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून कापूस येतो. इथला जुना देशी कापूस ‘गावरानी’ या नावाने ओळखला जाई आणि मुंबईच्या बाजारात तो ‘हैदराबाद गावरानी’ म्हणून विकला जाई. वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाला व्यापारी अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणत. गावरानीचा धागा त्यापेक्षा लांब होता आणि मुंबईच्या गिरण्यांना तो हवा असे.

गिरण्या येण्यापूर्वी हा कापूस फार लांब जात नव्हता. शेतात वेचणी होई, घरात हातचरकावर सरकी वेगळी काढली जाई, पिंजारी रुई पिंजून देई, बाया सूत कातत, साळी, कोष्टी आणि मोमीन ते विणत, रंगाऱ्याकडे कापड रंगे आणि आठवडी बाजारात विकले जाई. पिंजारी, नदाफ, मन्सुरी अशा नावांनी ओळखली जाणारी आमची बिरादरी याच साखळीत होती. धनुष्यासारखे पिंजण, त्यावर ताणलेली तात आणि लाकडी ठोकळा एवढीच तिची दौलत. ही साखळी सुखाची होती असे आम्ही म्हणत नाही. त्यात गरिबी होती, सावकार होता, जातीची उतरंड होती आणि ती उतरंड आमच्याही बिरादऱ्यांत होती. पण कापसापासून कापडापर्यंतची बहुतेक कामे पाच-दहा कोसांच्या आत होत आणि त्यांची मजुरी तिथल्याच घरांत पडत होती.

ही साखळी कशी तुटली, याची कथा हैदराबाद रियासतीच्या भूगोलातून सुरू होते. रियासत लहान नव्हती. १९४१ च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या एक कोटी ६३ लाख भरली होती. तिची स्वतःची नाणी होती, टपाल होते, करोडगिरी नावाचे जकात खाते होते. नव्हता तो समुद्र. चहूबाजूंनी ब्रिटिश मुलूख आणि त्याच्या प्रभावाखालची संस्थाने होती. माल बाहेर काढायचा तर तो ब्रिटिशांच्या रेल्वेवरून आणि ब्रिटिशांच्या बंदरातूनच काढावा लागे.

१८०२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने निजामाशी व्यापारी तह केला. मच्छलीपट्टणचे बंदर वापरायची मुभा मिळाली आणि दोन्ही बाजूंच्या मालावर शेकडा पाच जकात ठरली. कागदावर हा तह बरोबरीचा दिसतो. पण मच्छलीपट्टण पूर्व किनाऱ्यावर, गोदावरीकाठच्या कापूस मुलखापासून शेकडो मैल दूर. शिवाय एक बाजू जगभर व्यापार करणारी आणि दुसरी बाजू चहूकडून बंद. शेकडा पाचच्या त्या मर्यादेत निजामाला आपल्या कारागिरांना मँचेस्टरच्या कापडापासून वाचवता येणे शक्य नव्हते. मुंबई बंदरात उतरणाऱ्या मालावरची समुद्र-जकात ब्रिटिश सरकार घेई. ती शेवटी रियासतीतल्या गिऱ्हाइकाच्या खिशातून जाई, पण तिचा वाटा रियासतीच्या खजिन्यात येत नसे. १९३० नंतर संघराज्याच्या वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हाही हैदराबादची ही तक्रार कायम होती.

दुसरा घाव १८५३ चा. हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज ब्रिटिशांच्या हुकमतीत, पण तिचा खर्च निजामावर. त्या खर्चाची थकबाकी दाखवून लॉर्ड डलहौसीने मे १८५३ मध्ये वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब आपल्या ताब्यात घेतले. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ मध्ये तर लॉर्ड कर्झनने सालीना २५ लाखांच्या मोबदल्यात वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेतला. कर्ज होते ही गोष्ट खरी. पण परत न केलेला मुलूख रियासतीतला सर्वांत उत्तम कापसाचा होता, ही गोष्टही तितकीच खरी आहे आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना हिंदुस्थानातून कापूस हवाच होता.

त्यानंतर पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर एकाच काळ्या मातीचे दोन वेगळे इतिहास घडले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लिव्हरपूलचे डोळे मुंबईकडे लागले. भाव आभाळाला भिडले. मुंबईत शेअरबाजीचे वेड शिगेला पोचले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि मुंबईत दिवाळ्यांची रांग लागली. परंतु रेल्वे थांबली नाही. १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये लॉर्ड मेयोने खामगावचा फाटा उघडला. वऱ्हाड कापसाच्या गाठी पाठवणारा प्रांत बनला. ज्वारीचे रान कापसाखाली गेले आणि १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत याच संपन्न म्हणवल्या जाणाऱ्या वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली. पैसा देणारे पीक होते, पण पोटाला धान्य नव्हते.

पैनगंगेच्या अलीकडे, परभणीकडे, हा बदल तीस वर्षे उशिरा आला. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १८९९ ते १९०१ या काळात सुरू झाली. ती मीटरगेज होती आणि मनमाडला मुंबईकडे जाणारी मोठी लाइन ब्रॉडगेज. म्हणून परभणीची गाठ मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. हमाली, वेळ आणि नासाडी हा सगळा खर्च शेवटी शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावातून वजा होई. मनमाड ते औरंगाबाद ही लाइन रुंद व्हायला १९९० चे दशक उजाडावे लागले. निजामाची रेल्वे म्हणतात तिचा कारभार १९३० पर्यंत इंग्लंडमधल्या कंपनीच्या हाती होता, हेही येथे नमूद करावे लागेल.

रेल्वे आली तसे जिन आणि प्रेस आले. परभणी, सेलू, जालना, नांदेड या गावांत धुराडी उभी राहिली आणि गंगाखेडसारख्या गावांतून कापसाच्या गाड्या तिकडे जाऊ लागल्या. जिनचा हिशेब आजही तोच आहे. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते आणि उरलेल्यात बहुतेक सरकी. १७० किलोची एक गाठ बांधायला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. गाठ गाडीत चढून जाते. सरकी मागे राहते, तिचे तेल आणि पेंड होते. सूत, कापड, रंग, शिलाई ही ज्या कामांत मजुरी आणि नफा वाढत जातो ती सारी कामे गाठीबरोबर निघून गेली. पिंजारी, मोमीन आणि रंगारी ज्या कामांवर जगत होते तीच ही कामे.

पिंजाऱ्याचे काय झाले? सुतासाठी पिंजण्याचे काम गिरणीने घेतले, त्याच्याकडे गाद्या, उशा आणि रजया राहिल्या. साखळीच्या मधला माणूस साखळीबाहेर गेला आणि दारोदार फिरू लागला. मोमिनांपैकी कितीतरी कुटुंबे मालेगाव, भिवंडी, सोलापूर अशा मागांच्या गावांकडे सरकली. मालेगावात तर उत्तर हिंदुस्थानातून आलेले विणकर आधीच वसले होते. ‘मुसलमान कारागीर आळशी झाला’ किंवा ‘त्याला नवे शिकायचे नव्हते’ असे ऐकवले जाते, तेव्हा या गाठींचा हिशेब मांडला पाहिजे. त्याच्या हातातले कामच रेल्वेत बसून गेले होते.

नाण्यांचा मामलाही होता. मुंबईचा भाव कलदार रुपयात, गावचा व्यवहार हाली रुपयात. पुढे सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब स्थिरावला, पण हा बदल करून देणारा मधला माणूस आपला बट्टा कापून घेतच होता. शेतकऱ्याच्या हाती जे पडे ते जकात, बट्टा, अडत, हमाली आणि रेल्वेभाडे यांतून उरलेले.

दुसऱ्या मोठ्या पेठेचा अनुभव याच काळातला. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने जपानच्या निप्पॉन युसेन काइशा कंपनीची मुंबई-जपान बोटसेवा सुरू झाली आणि हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस तिकडे वाहू लागला. जपान त्याचे कापड करून पुन्हा आपल्यालाच विकू लागला. १९३३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने परदेशी कापडावर शेकडा ७५ पर्यंत जकात चढवली. त्याला उत्तर म्हणून जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. १९३४ मध्ये समझोता झाला, त्याची अट पाहण्यासारखी आहे. जपानने दहा लाख गाठी घेतल्या तर साडेबत्तीस कोटी वार कापड विकता येईल; पंधरा लाख गाठी घेतल्या तर चाळीस कोटी वारांपर्यंत. म्हणजे आपण गाठी द्यायच्या आणि त्यांनी कापड द्यायचे, हे कामाचे वाटप तहातच लिहिले गेले. सिमल्यात आणि दिल्लीत बोलणी झाली; कापूस पेरणाऱ्यांना कोणी विचारले नाही.

हैदराबादने काहीच केले नाही असे नाही. औरंगाबाद आणि गुलबर्ग्यात कापडगिरण्या निघाल्या, १९२० च्या दशकात नांदेडला उस्मानशाही मिल आली, १९३४ मध्ये वरंगळला आझमजाही मिल उभी राहिली. उद्योगांना भांडवल पुरवण्यासाठी रियासतीने इंडस्ट्रियल ट्रस्ट फंड काढला. नांदेडच्या गिरणीने हजारो घरांना रोजी दिली आणि त्यात आमच्याही मुलांचा वाटा होता. परंतु एक-दोन गिरण्यांनी मुलखाचे काम बदलत नाही. उस्मानशाही पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. आझमजाहीचेही तेच झाले.

चहूबाजूंनी वेढलेल्या मुलखाची लाचारी १९४८ मध्ये उघडी पडली. नोव्हेंबर १९४७ मध्ये जैसे थे करार झाला. पुढच्या वर्षी संबंध बिघडत गेले आणि रियासतीत जाणारा माल अडू लागला. पेट्रोल, औषधे, यंत्रांचे सुटे भाग यांची टंचाई झाली. सप्टेंबरमध्ये फौजा आल्या त्याच्या आधीच दार बंद झाले होते. रझाकारांनी केलेले अत्याचार, आणि त्यानंतर सामान्य मुसलमानांवर उगवलेला सूड, यांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे; पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल आता वाचकांना उपलब्ध आहे. आम्हांला येथे एवढेच म्हणायचे आहे की, बंदर, रेल्वे आणि जकात दुसऱ्याच्या हाती असली की स्वतःचे नाणे आणि स्वतःचे टपाल असून फारसा उपयोग होत नाही.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. करोडगिरीचे नाके गेले, हाली सिक्का गेला. पण गाठी जाण्याची दिशा तीच राहिली. १९७२ मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी यंत्रणेला विकायचा, त्या बदल्यात हमीचा भाव. व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवण्याचा हेतू चांगला होता. पण चुकारे हप्त्याने आणि उशिरा, शिवाय शेजारच्या राज्यात भाव चढला की इथे बंदी. मग रात्रीच्या वाटेने कापूस आंध्र, मध्य प्रदेश, गुजरातकडे जाई. स्वतंत्र देशातल्या दोन राज्यांच्या हद्दीवर कापसाची चोरटी वाहतूक होत होती. २००२ च्या सुमारास हा एकाधिकार संपला. त्याच वर्षी बीटी कापसाला परवानगी मिळाली. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे ‘नांदेड ४४’ आणि विद्यापीठाचे ‘परभणी तुराब’ यांसारखे आपले वाण मागे पडले आणि बियाण्याची पाकिटेही बाहेरून येऊ लागली.

आता चीनकडे वळू. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि १ जानेवारी २००५ ला कापडाच्या आयातीवरची जुनी कोटा पद्धत संपली. जगाचे कपडे चीन शिवू लागला. त्याच्या गिरण्यांना स्वतःचा कापूस पुरेना. इकडे २००२-०३ मध्ये १३६ लाख गाठी पिकवणारा भारत २०१३-१४ मध्ये ३९८ लाख गाठींवर पोचला होता. २०११ च्या सुरुवातीला जागतिक भावाने उसळी घेतली, काही ठिकाणी क्विंटलला सात हजारांपर्यंत भाव मिळाला. गावात पक्की घरे बांधली गेली, मुलींची लग्ने झाली, दुचाक्या आल्या. त्या वर्षी चीनने आपल्या शेतकऱ्यांचा कापूस चढ्या भावाने सरकारी गोदामांत भरायला सुरुवात केली. तिथल्या गिरण्यांना बाहेरचा कापूस आणि सूत स्वस्त पडू लागले. २०११-१२ मध्ये भारताने सुमारे १३० लाख गाठी निर्यात केल्या आणि त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक चीन होते.

२०१४ मध्ये बीजिंगने धोरण फिरवले. गोदामे एक कोटी टनांहून अधिक कापसाने भरली होती, आता आयात आखडायची आणि साठा उपसायचा असे ठरले. परिणाम आमच्या मोंढ्यात दिसला. २०१४-१५ मध्ये लांब धाग्याचा हमीभाव ४०५० रुपये होता आणि बाजार त्याच्याही खाली गेल्यामुळे भारतीय कापूस महामंडळाला सुमारे ८७ लाख गाठी घ्याव्या लागल्या. त्याच दोन वर्षांत मराठवाड्यात दुष्काळ होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची चर्चा करताना पाऊस, कर्ज, व्यसन यांची नावे घेतली जातात. ती घ्यावीत, पण चीनच्या गोदामाचेही नाव त्या यादीत असले पाहिजे.

इथपर्यंत आपण नेहमी लहान शेजाऱ्याच्या बाजूला होतो. आता दुसरी बाजू पाहू, कारण ती आपल्याला सहसा दिसत नाही. आज भारतही मोठी पेठ आहे आणि तिच्या शेजारी बांगलादेश आहे. तिथे कापूस जवळजवळ पिकत नाही, तरीही तयार कपड्यांच्या निर्यातीत तो देश जगात चीनच्या मागोमाग गणला जातो. हे काम त्याला कसे मिळाले? श्रीमंत देशांनी १९७४ पासून कोरियासारख्या देशांच्या कपड्यांवर कोटा लावला, तेव्हा कोरियाच्या देवू कंपनीने कोटा नसलेला देश शोधला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बांगलादेशाच्या देश गारमेंट्सशी करार झाला आणि १३० माणसे शिलाई शिकायला कोरियाला गेली. त्यांतल्या अनेकांनी परत येऊन स्वतःचे कारखाने काढले. पुढे २००१ पासून युरोपने अतिमागास देशांच्या मालाला जकातमाफी दिली. म्हणजे इथेही कामाची वाटणी मोठ्यांच्या नियमांनी केली. फरक एवढाच की बांगलादेशाने मिळालेले काम धरून ठेवले, माणसे शिकवली, लाखो बायका कारखान्यांत आणल्या. त्याची किंमतही त्याच बायकांनी मोजली. २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक जीव गेले, तेव्हा तिथे शिवले जाणारे कपडे युरोप-अमेरिकेच्या दुकानांसाठी होते.

त्या कारखान्यांना लागणाऱ्या सुताचा आणि रुईचा मोठा वाटा भारतातून जातो. मराठवाड्यातला कापूसही गिरण्यांमार्गे त्या वाटेला लागतो. तेव्हा दिल्लीने दार लावले की ढाक्यात माग थांबतात. एप्रिल २०१० मध्ये भारताने कापसाची निर्यात रोखली. ५ मार्च २०१२ रोजी पुन्हा अचानक बंदी घातली. देशातल्या गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा हा उद्देश. तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार यांनी उघड नाराजी व्यक्त केली आणि आठवड्याभरात बंदी मागे घ्यावी लागली. त्या आठवड्यात परभणीचा शेतकरी आणि नारायणगंजचा गिरणीवाला एकाच दाराच्या दोन बाजूंना अडकले होते. दोघांचे नुकसान एकच होते, पण एकमेकांची ओळख नव्हती.

२०२५ मध्ये हेच अधिक कडवटपणे घडले. ८ एप्रिलला भारताने आपल्या बंदरांतून आणि विमानतळांवरून बांगलादेशाचा माल तिसऱ्या देशांत नेण्याची सवलत काढून घेतली. त्याच महिन्यात बांगलादेशाने बेनापोलसारख्या जमिनीवरच्या नाक्यांतून भारतीय सूत आणायला मनाई केली. मे महिन्यात भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीचा मार्ग बंद करून कोलकाता आणि न्हावाशेवा या दोन बंदरांपुरतीच वाट ठेवली. राजकारण दोन्हीकडे होते आणि दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती. त्यांत न्याय-अन्याय ठरवण्याचा हा लेख नाही. पण शस्त्रे ओळखीची आहेत : बंदर, वाट आणि जकात. पावणेदोनशे वर्षांपूर्वी जी शस्त्रे आपल्या विरुद्ध होती, तीच आज आपल्या सरकारच्या हाती आहेत.

आणि आपल्याहून मोठी पेठही आहेच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले. तिरुपूरसारख्या ठिकाणच्या कापड कारखानदारांना आधार म्हणून केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून बाहेरच्या कापसावरची ११ टक्के जकात माफ केली आणि ही सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. कारखानदार वाचावा हे ठीक. पण तो हंगाम आपल्या वेचणीचा होता. लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये असताना बाजार त्याच्या खाली राहिला, आणि हमीभावाने विकायचे तर मोबाइलवरच्या ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करणे भाग पडले. वॉशिंग्टनने लावलेल्या करातला थोडा भाग असा मोंढ्यातल्या काट्यावर वजा झाला.

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. साखळीच्या मध्यभागी जो बसतो, ज्याच्या हाती दार आणि नियम असतात, तो आपला तोटा दोन्ही टोकांकडे ढकलतो. एका टोकाला पेरणारा-वेचणारा असतो, दुसऱ्या टोकाला शिवणारा. गंगाखेडच्या शेतात कापूस वेचणारी बाई, ढाक्यात मशिनवर बसलेली मुलगी आणि चीनच्या शिनजियांगमधला उईगुर मजूर हे त्या टोकांवरचे लोक आहेत. शिनजियांगच्या मालात सक्तीची मजुरी आहे असे गृहीत धरून अमेरिकेने जून २०२२ पासून तो माल बंद केला. आम्हांला त्या मजुराबद्दल सहानुभूती आहे, ती असायलाच हवी. पण उम्मतच्या नावाने हळहळताना आपल्याच तालुक्यातली वेचणारी बाई, मग ती कुठल्याही जातीधर्माची असो, किलोमागे किती घेते हे विचारायला आपण विसरतो.

आज गंगाखेडच्या शिवारात कापसाबरोबर सोयाबीन वाढले आहे. माळरानाकडची कुटुंबे दसऱ्यानंतर कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, म्हणजे कापसाप्रमाणे माणसेही कच्चा माल म्हणून बाहेर जातात. पिंजाऱ्याच्या पिंजणाची जागा विजेच्या मशिनने घेतली आणि आता फोमच्या गाद्यांनी ते मशिनही थंड पडत चालले आहे. महाराष्ट्राच्या वस्त्रोद्योग धोरणांत ‘कापूस ते कापड’ हे शब्द अनेक वर्षे आहेत. २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या सात मोठ्या वस्त्रोद्योग पार्कांपैकी महाराष्ट्राचा एक अमरावतीला, म्हणजे पुन्हा वऱ्हाडाला गेला. वऱ्हाडाला मिळाले याचे दुःख नाही, त्यानेही खूप सोसले आहे. पण मराठवाड्याने गाठीच पाठवत राहायचे का, हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. आणि तो हक्क ‘निजामाची प्रजा’ म्हणून किंवा ‘अल्पसंख्याक’ म्हणून मागायचा नाही. शेतकरी, कारागीर आणि मजूर म्हणून, साळी-कोष्टी-वंजारी-मराठा शेजाऱ्यांच्या बरोबरीने मागायचा आहे. कापसाच्या साखळीत आम्ही त्यांच्या शेजारीच उभे होतो.

यासाठी आधी हा इतिहास आपल्या हाती असायला हवा. तख्तांचे इतिहास पुष्कळ लिहून झाले आहेत. आमची आमच्या वाचकांना, विशेषतः शिकणाऱ्या मुलामुलींना विनंती आहे की आपापल्या गावच्या जिनचा, मोंढ्याचा, पिंजारगल्लीचा आणि मोमीनपुऱ्याचा इतिहास लिहावा. घरातल्या जुन्या पेटाऱ्यात अडत्याची पट्टी, करोडगिरीची पावती, गिरणीचा हजेरीपास सापडला तर रद्दीत टाकू नये. गिरणीत काम केलेली, पिंजण चालवलेली माणसे अजून काही गावांत आहेत. ती किती मजुरी घेत, काम कधी सुटले, नंतर कुठे गेली, हे त्यांना विचारून तारीख-वारासह उतरवून ठेवावे. उद्या कोणी आपल्याला विचारले की या मुलखासाठी तुम्ही काय केले, तर दाखवायला किल्ले आणि कबरी पुरणार नाहीत. ही वही दाखवता येईल.